आबांच्या गुळाची दुबईत नक्कल

तुम्ही हसाल, पण यवतच्या आमच्या आबांच्या गुळाची पार दुबईत नक्कल झाली. तसंच खोकं, त्यावर आबांचा तोच फेट्यातला फोटो. परदेशातल्या नकली मालावर सरकार आता कडक झालंय, म्हणून तक्रार घ्यायला पुण्याहून साहेब आले. चौकात बघतात तर आबांनीच लावलेला भलामोठा फ्लेक्स: 'आबांच्या गुळाची दुबईत नक्कल! हार्दिक अभिनंदन!'

साहेब चक्रावले. "आबा, ही चोरी आहे! अभिनंदन कसलं? सही करा, तिथला माल जप्त करायला लावतो."

आबांनी पेन घेतलं आन् थांबले. "लावा की. पण साहेब, रविवारपर्यंत दम धरा. सोसायटीच्या निवडणुकीला मी उभा हाय. आन् समोरच्याच्या गुळाची अजून शिरूरातबी कुणी नक्कल केली न्हाई!"