दुर्बिणीची तार

हसू नका हं, पण आमच्या रहिमतपुरात तार आली की लोक आधी रडतात, मग वाचतात. तारे अभ्यासणाऱ्या आमच्या ह्यांना अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीवर वर्षभर काम मिळेल का, याच्या उत्तराची मी महिनाभर वाट पाहत होते. पण तार आली तेव्हा हे साताऱ्याला, आणि मला, चांगल्या शिकलेल्या बाईला, फौजेतला भाऊच आठवला! कडेवरच्या बाळासकट मी मटकन बसले. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मामंजी तर सुतकाची आंघोळसुद्धा करून आले.

"आगं वाच की, कोण गेलं?" मामंजींनी विचारलं. मी तार उघडली.

"कुणी नाही! ह्यांना दुर्बीण मिळाली, वर्षभर!"

मामंजी ओलेत्यानंच हसत सुटले. सासूबाईंनी डोळे पुसले.

"मग निरोपाचं रडून झालं समज. बोटीवर चढवताना मी पुन्हा रडणार न्हाई."