दोन रुख्मिणींचं रगत

…अन् वरतून डॉक्टरीन मलेच इचारते, 'आजी, नाव सांगाले काय जात होतं?' काय जात होतं म्हंते! आवो, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होते, हे सासूनं मी हळदीच्या अंगाची असतानीच कानात सांगतलं. बावन्न वर्सं झाली, तोंडातून काढलं नाही. 'आवो, आयकलं का' म्हनून संसार झाला, दोन पोरं झाली, अन् त्या एका नावापायी मानूस जात होता माहा! अन् रगताचा आकडा म्हनसाल तं माहा बारा पॉइंट चार, त्यायचाबी बारा पॉइंट चार. आकडा तोच, बाप्पा, आकडा तोच!

तुमाले सांगतो, तेलंगणातल्या बोथच्या दवाखान्यातून आमच्या गावच्या शाळेत रगत तपासनीचं शिबिर आलं. रगत घेनारी पोरगी रंजीता, तेलुगु. मराठी येते, पन अडखळत. माह्या नळीवर तिनं लिवलं, रुख्मिणी. मंग मानूस बसले, त्यायले आयकू येते कमी. ती मले म्हने, 'ताता पेरु?' म्हनजे म्हाताऱ्याचं नाव काय. मी खुना केल्या, पोराचं नाव सांगतलं, सासऱ्याचं सांगतलं… मांगं हे एवढी रांग! वैतागून तिनं दुसऱ्या नळीवरबी लिवलं, रुख्मिणी, दोन. मी म्हनलं, बरं झालं, सुटली!

बाजूले गोंडगुड्यातली, गोंडायच्या वस्तीतली बयनाबाई. तिची एक तपासनी जास्त. मी खवळली, 'काऊन वो, तिचं रगत काय येगळं?' तं डॉक्टरीन दामिनीबाई हासली. 'आजी, काही समाजात रक्ताचा एक आजार घराण्यातून उतरतो. वेळेवर कळला तर माणूस वाचतो. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावून कसं चालेल?' मी मान डोलावली. मले काय ठाव, ते बोलनं माह्याच घराले लागू होनार हाय!

आठ दिवसानं कागद आले. दोन्हीवर, सगळं बरोबर. मानूस तं असा फुगला! 'पाह्य, जेवढं तुहं तेवढंच माहं. ठनठनीत!' अन् हा ठनठनीत गडी दोन पायऱ्या चढला की खांब धरून उभा, तोंड कसं कापसावानी पांढरं! आकडा तोच, मंग मी चार घागरी आनतो अन् हे काऊन धापा टाकून राह्यले? शाळेत परत शिबिर भरलं, तं गेली कागद घेऊन, मानूस मांगं मांगं.

दामिनीबाई म्हने, 'दोनदा रक्त दिलंत?'

'नाही माय. एक माहं, एक त्यायचं.'

'त्यांचं म्हणजे कोणाचं?'

'त्यायचं म्हनजे… त्यायचं!'

बाईचा चेहराच उतरला. 'आजी, बाईला हिमोग्लोबिन बारा पुरतं, पुरुषाला तेरा लागतं. यंत्रानं त्यांना बाई समजून पास केलं! या वयात कमी म्हणजे कुठंतरी रक्त जात असेल, आठ दिवसांत आकडा आणखी उतरला असेल. नाव सांगा, लवकर.'

पन तोंड उघडन तं ना! मंग आठवलं, उखान्यात घेतलेलं चालते. पदर डोक्यावर घेतला, अन् भरल्या शिबिरात…

'पऱ्हाटीले लागलं बोंड, बोंडात फुटला कापूस,
चंपतरावाचं रगत, माय, बाईचं म्हनून नको तपासूस!'

टाळ्या पडल्या, तुमाले सांगतो! रंजीतानंबी वाजोल्या, तिले अर्धंबी समजलं नाही तरी. अन् एरवी ढोल वाजला तरी न आयकनारा मानूस दारातून म्हने, 'माहं नाव कोनं घेतलं वो?'

मंग निंगालं सगळं. गुडघ्यासाठी कोनाले न इचारता रोज गोळ्या गिळे, त्यानं पोटात जखम, रगत आतल्या आत. आदिलाबादले नेलं, नळी टाकून पाह्यलं, औषध चालू झालं. आता साडेतेरा! दामिनीबाईच्या, त्या रंजीताच्या हाताले सोन्याचे कंगन येवो. ज्या नावानं आयुष्य कमी होते म्हनत, त्याच नावानं वाढलं, सासूबाई, माफ करा.

पन आता पंचाइत आयका. 'आवो, आयकलं का' म्हनलं तं मान वळवत नाही मानूस! गोळी हातात घेऊन उभी राहा, तं ओठ गच्च. म्हने, 'शिबिरात कशी म्हनली, तशी म्हन.' रोज दोन येळा! काय करता आता? जित्ता हाय ना समोर, हेच लय झालं…

चंपतराव, आ करा.