नावाच्या रकान्यात बाबा

...नाही, मला सांगा, बटण कसं दाबायचं यावर तीन पानं लिहिलीयत का तुमच्यापैकी कोणी? मी लिहिलीयत! तुम्हाला सांगतो, नोकरीच ती माझी. एआयचा एजंट म्हणून एक प्रकार असतो, तो तुमच्याऐवजी ब्राउझर उघडतो, वेबसाइटवर जातो, बटणं दाबतो, फॉर्म भरतो, आणि हे सगळं कसं करायचं त्याची माहितीपुस्तिका लिहितो मी. माणसांसाठी नाही हो, त्या एजंटसाठी! वाचणारा तोच! आधी पान नीट बघ, मग बटण शोध, मग दाब, दाबल्यावर पान बदललं असेल तर पुन्हा बघ, मघाच्या आठवणीवर भलतंच बटण दाबू नकोस... सगळं सगळं लिहून द्यावं लागतं. त्याला काय कळतंय बिचाऱ्याला!

तर चौदावं पान, 'फॉर्म कसा भरावा'. उदाहरण द्यायचं होतं. आणि नेमका तेव्हाच ऑफिसात बाबांचा फोन! "अरे, त्या दाताच्या डॉक्टरांचा फॉर्म पुढेच जात नाहीये. लाल लाल काहीतरी येतंय." म्हटलं, "बाबा, लाल अक्षरात काय लिहिलंय ते वाचा ना!" तर म्हणतात, "वाचलं असतं रे, पण चष्मा आतल्या खोलीत आहे आणि आतल्या खोलीत तुझी आई झोपलीय." आता याला काय म्हणाल? दाढ ठणकतेय, पण बायकोची झोप मोडायची नाही! मी म्हटलं, "बाबा, कामात आहे हो, नंतर करतो." फोन ठेवला, समोर नावाचा रकाना रिकामा, डोक्यात बाबा... टाकलं बाबांचंच नाव! पूर्ण! खाली त्यांचा फोन नंबर. उदाहरणादाखल!

यंत्राला तीन पानं. आणि बापाला? 'नंतर करतो.'

ते नंतर काही आलं नाही. दोन महिन्यांनी बाबा गेले. सकाळी दाढी करताना. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण तसाच... असो.

आई बोलेनाशी झाली. 'हं', 'नको' आणि 'ठेव तिथे', एवढंच दिवसभरात. बाबांचा मोबाइल मात्र रोज चार्ज करायची. म्हटलं, "कशाला गं?" तर म्हणाली, "हं."

आणि मग आमच्या कंपनीने ते एजंट चाचणीसाठी खऱ्याखुऱ्या वेबसाइटवर सोडले! आता सांगणाऱ्याने नाव दिलं नसेल तर एजंटने काय करावं? थांबावं की नाही? छे! त्याने बघितलं चौदावं पान. तिथे नाव आहे, नंबर आहे, मग हेच भरायचं असेल! त्याला काय कळतंय बिचाऱ्याला!

एके दिवशी जेवताना आई बाबांच्या मोबाइलवरचा मेसेज वाचून आपणहून म्हणाली, "अरे, ह्यांना मंगळवारी साडेदहाला दाताच्या डॉक्टरांनी बोलावलंय." मी मोबाइल ओढून घेतला, मेसेज खराच! तुम्हाला सांगतो, बाबांचा तो फॉर्म भरला गेला हो शेवटी! चार महिने उशिरा, आणि मी नाही भरला!

मग काय, रोजच सुरू! पोहण्याच्या क्लासला प्रवेश मिळाला. "ह्यांना? बादलीला घाबरायचे हे!" नवशिक्यांसाठी गिटार. कुत्र्याला आंघोळ घालायची वेळ, शनिवार, दुपारी चार. "आपल्याकडे कुत्रा कुठाय रे?" म्हणून आई हसली. हसली हो! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि नंतर पाणीच येत राहिलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, आई, ही यंत्राची चूक आहे. तर म्हणाली, "असू दे. मेल्याला निदान ह्यांचं नाव तरी पाठ आहे."

पण लपतंय थोडंच? आमच्या मॅडमनी बोलावलं. "हे गृहस्थ कोण? सत्तेचाळीस ठिकाणी नाव आहे यांचं!" म्हटलं, "उदाहरण आहेत." "मग काढा ते उदाहरण! आणि बुकिंग सगळी रद्द करा, आजच!" बसलो रद्द करत. आणि प्रत्येक वेबसाइट विचारते, रद्द करण्याचं कारण काय? वेळ सोयीची नाही? विचार बदलला? की इतर? सत्तेचाळीस वेळा 'इतर' दाबलं मी. बाप गेलाय माझा, आणि तो 'इतर'मध्ये!

मग चौदाव्या पानावरून बाबांना पुसलं आणि तिथे नियम लिहिला: 'नाव दिलेलं नसेल तर अंदाजाने भरू नये. थांबावं. विचारावं.' चोख नियम! मॅडम खूश!

चार दिवस बाबांचा फोन गप्प. आई तो उचलून बघायची, परत ठेवायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "आता नाही का रे बोलवत ह्यांना कोणी?" त्यानंतर पुन्हा 'हं', 'नको', 'ठेव तिथे'.

परवा घरूनच काम करत होतो. एजंटला म्हटलं, कुठल्याही एका कार्यक्रमाला नाव नोंदव. गेला, पान बघितलं, बटण शोधलं, फॉर्म उघडला... आणि थांबला! माझा नियम पाळून, अगदी शहाण्यासारखा! आणि विचारतो कसा, 'नाव दिलेलं नाही. कोणाचं भरू?'

खरंच, कोणाचं भरू?

...भरलं हो. मीच. पूर्ण नाव, नंबरासकट.

आतल्या खोलीत बाबांच्या फोनवर मेसेज वाजला. आई पळत बाहेर आली, चष्मासुद्धा न लावता, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून. "अरे, ह्यांना रविवारी गुडघेदुखीच्या व्याख्यानाला बोलावलंय! मोफत आहे! मी जाऊन बसते ह्यांच्या जागी." आणि माझ्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "बघ, मेला पुन्हा चुकला वाटतं!"

मान खाली घातली, म्हटलं, "हो ना गं आई... त्याला काय कळतंय बिचाऱ्याला!"