खाऱ्या पाण्यातलं फिशिंग

(कोथरूडमधल्या एका छोट्या सभागृहाची शेवटची रांग, रविवारची सकाळ. निवृत्त शिक्षक श्यामसुंदर आणि त्यांचा चाळिशी ओलांडलेला मुलगा केदार. पुढे कुणीतरी माइकवर बोलतंय.)

केदार: बाबा, हे मासे पकडायला शिकवतायत.

श्यामसुंदर: हळू बोल.

केदार: खरे मासे. समुद्रातले.

श्यामसुंदर: समजलं मला. पडद्यावर ती एवढी लांब काठी आली तेव्हाच समजलं.

केदार: मला फोनवर काय सांगितलंत तुम्ही? फिशिंगचं सेमिनार आहे, ऑनलाइन फसवणूक कशी ओळखायची ते शिकवणार आहेत, तूही चल.

श्यामसुंदर: जाहिरातीत फिशिंग लिहिलं होतं. मराठीत दोन्ही फिशिंग सारखंच लिहितात, त्याला मी काय करू?

केदार: दाखवा बघू जाहिरात.

श्यामसुंदर: ही बघ. गोपाळकृष्णाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. 'आमिष कोणतं, गळ कसा, सुटका कशी. फिशिंगविषयी सर्व काही.' यात मासा कुठे आहे, सांग. पेपरवाले रोज छापतात, आमिषाला बळी पडू नका म्हणून.

केदार: खाली आयोजकांचं नाव आहे ना. 'खारं पाणी'.

श्यामसुंदर: मला वाटलं, फसलेल्या लोकांची संस्था असेल.

केदार: चला, उठा.

श्यामसुंदर: मधेच उठून गेलेलं बरं दिसत नाही. तो माणूस मनापासून बोलतोय.

केदार: बाबा, आठवड्यातला एक दिवस मिळतो मला. हिंजवडीहून इथे येईपर्यंत अर्धा जीव जातो. आपल्या घरात कोणी मासे खात नाही. आणि पुण्यात समुद्र नाहीये.

श्यामसुंदर: नाही म्हणून तर सेमिनार आहे. असता तर लोक थेट मासे पकडायला गेले असते.

केदार: आणि हा बिल्ला तरी काढू का मी? 'पाल्य' लिहिलंय त्यावर.

श्यामसुंदर: दोघांनी यायचं तर पालक-पाल्य एवढा एकच गट होता. खोटं काय आहे त्यात?

रुपाली: एक्सक्यूज मी, सर. मी रुपाली, व्हॉलंटियर आहे इथे. थोडं हळू बोलाल का प्लीज? सगळं रेकॉर्डिंगमध्ये येतंय.

केदार: सॉरी. आम्ही निघतोच आहोत.

रुपाली: अरे, नका ना जाऊ. पालक-पाल्यमध्ये बाकी सगळी शाळेतली मुलं आहेत, तुमची जोडी एकदम युनिक आहे. काका, तुम्ही रेग्युलर जाता का फिशिंगला? कुठल्या बीचवर?

श्यामसुंदर: मी इथेच डहाणूकर कॉलनीत राहतो.

रुपाली: ओके. म्हणजे बिगिनर. नो प्रॉब्लेम, काका. पुढचं सेशन मिस करू नका, मासा सोडायचा कसा ते आहे. मग चहा.

केदार: चहा झाला की निघायचं, बाबा.

श्यामसुंदर: बरं.

केदार: आणि काही विचारू नका कुणाला.

श्यामसुंदर: विचारलं तर काय होईल?

(थोड्या वेळाने, चहाच्या टेबलापाशी.)

केदार: घ्या चहा. नको म्हणालो होतो ना मी?

श्यामसुंदर: शंका होती, म्हणून विचारली.

केदार: उभं राहून? 'एकदा गळाला लागलेला मासा परत लागतो का हो?' सगळी मुलं मागे वळून बघत होती.

श्यामसुंदर: उत्तर बरं दिलं त्याने. म्हणाला, लागतो. मासा मूर्ख नसतो, भुकेला असतो.

केदार: ते माशांचं झालं.

श्यामसुंदर: मीही माशांचंच बोलतोय.

केदार: बाबा, 'बिल भरा, नाहीतर लाइट कापतो' म्हणून फोन करणाऱ्या त्या माणसाचा विषय आज नको. झालं ते झालं. तुमचं खातं सेफ आहे आता. नंबर माझा लावलाय, ओटीपी माझ्याकडे येतो, विषय संपला.

श्यामसुंदर: तुझा संपला. मी चहाची गाळणी ऑनलाइन मागवायची म्हटली तरी तुला फोन करून विचारावं लागतं, आला का.

केदार: त्याचंच सांगतोय. मी क्लायंटसमोर बसलेलो असतो. फोन वाजतो. हॅलो नाही, काही नाही, थेट 'आला का?' मी आकडे सांगतो. परत दोन दिवसांनी, 'आला का?' बुटाच्या नाड्या. उदबत्तीचं घर. गेल्या महिन्यात तीन नेलकटर, तेही वेगवेगळ्या दिवशी. तीन नेलकटर लागतात कुणाला?

श्यामसुंदर: एक मथुराबाईंना दिला. त्या पोळ्या करतात, नखं वाढलेली चालत नाहीत.

केदार: मी थकलोय, बाबा. खरंच थकलोय. ऑफिसमध्ये मी सगळ्यांचा मॅनेजर, घरी मुलांचा, आणि इथे तुमची बँक.

श्यामसुंदर: म्हणून तर आलो होतो.

केदार: कशासाठी?

श्यामसुंदर: शेवटी प्रमाणपत्र देणार असं लिहिलं होतं. म्हटलं, तुझ्यादेखत शिकावं, तुझ्यादेखत प्रमाणपत्र घ्यावं आणि तुला सांगावं, माझा नंबर परत लाव. जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या मी. एक देऊन दाखवली असती.

केदार: हे तुम्ही साधं बोलला असतात तर...

श्यामसुंदर: बोललो होतो. दिवाळीत. तू म्हणालास, बघू.

केदार: मला भीती वाटते हो. परत कुणीतरी फोन करेल आणि तुम्ही परत सगळं सांगून टाकाल. एवढे हुशार तुम्ही, शब्दकोड्यात एक चूक करत नाही, आणि त्या माणसाला सांगितलंत तरी कसं? हे मला अजून कळत नाही.

श्यामसुंदर: त्याने आधी काय विचारलं माहितीये? 'आजोबा, जेवलात का?' अगदी शांतपणे. मी म्हटलं, हो, आमटीभात. तर म्हणाला, कसली आमटी?

केदार: ट्रेनिंग देतात त्यांना तसं.

श्यामसुंदर: असेल. चांगलं ट्रेनिंग आहे.

केदार: बाबा...

श्यामसुंदर: फसलो त्याचं एवढं नाही वाटलं. तू बँकेत त्या मुलीला सांगितलंस ते लागलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसलोय आणि तू सांगतोयस, 'वडिलांना आता समजत नाही.' तेव्हापासून बँकेत तू पालक आणि मी पाल्य. बिल्ले उलटे लावलेत आज.

केदार: मी असं म्हणालो?

श्यामसुंदर: हो. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. ती मान मला रोज दिसते.

केदार: मी घाबरलो होतो. रात्रभर झोप नव्हती, कार्ड बंद करत होतो, तक्रार करत होतो. तोंडातून गेलं.

श्यामसुंदर: माहितीये. तू नसतास तर सगळंच गेलं असतं. सोडवलंस तूच. पण आत्ता त्याने सांगितलं ना, मासा सोडायचा तर आधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने धरला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग पाण्यात सोडला तरी तो नीट राहत नाही.

केदार: हं.

श्यामसुंदर: बिस्किट घे. चांगली आहेत, खारी.

केदार: चुकलं माझं, बाबा.

श्यामसुंदर: असू दे. बिस्किट घे.

रुपाली: काका, तुमचं सर्टिफिकेट. लवकर निघताय ना, म्हणून मी आधीच साइन करून आणलं. आणि तुमचा प्रश्न सरांना जाम आवडला. पुढच्या वेळी आम्ही रत्नागिरीला प्रॅक्टिकल करतोय, याल ना दोघं?

श्यामसुंदर: पाल्याला सुट्टी मिळाली तर.

रुपाली: सर, काढा ना सुट्टी. बाय, काका.

केदार: आणा बघू. 'श्री. श्यामसुंदर यांनी समुद्री फिशिंगची प्राथमिक ओळख समाधानकारकरीत्या पूर्ण केली आहे.'

श्यामसुंदर: समाधानकारकरीत्या. एवढ्या मार्कांवर मी पोरांना पास करत असे.

केदार: मग तुम्हीही पास. उद्या सकाळी हाफ डे टाकतो. बँकेत जाऊ आणि तुमचा नंबर परत लावू. त्या मुलीशी तुम्हीच बोला, मी बाहेर थांबतो.

श्यामसुंदर: खरंच?

केदार: हे प्रमाणपत्र दाखवा तिला. दोन्ही फिशिंग सारखंच लिहितात.

श्यामसुंदर: बरं. जाऊ या.

केदार: काय झालं? हेच हवं होतं ना?

श्यामसुंदर: हो, हेच. मग ते फोन बंद.

केदार: कुठले?

श्यामसुंदर: तुला करतो ते. ओटीपीचे.

केदार: बंद. तुम्ही सुटलात, मीही सुटलो.

श्यामसुंदर: हं. तेही बरंच आहे म्हणा. तुला मीटिंगा असतात.

केदार: बाबा, ते तीन नेलकटर.

श्यामसुंदर: त्यांचं काय?

केदार: एकदम का नाही मागवलेत?

श्यामसुंदर: एकदम मागवले असते तर एकच ओटीपी आला असता.

केदार: द्या तो कप इकडे, मी ठेवतो.

श्यामसुंदर: चल, गाडी कुठे लावलीयस? उन्हात असेल.

केदार: दुपारी दीडला मी जेवायला बसतो. तेव्हा करत जा फोन.

श्यामसुंदर: आणि काय विचारू?

केदार: नेहमीचंच. 'आला का?' मी सांगेन, डब्यात काय आलंय ते.