नाई म्हनाची साडी

नऊ मिनिटं! नाई, तुमीच मले सांगा, नऊ मिनिटात काय होते? चहा तरी होते का? हा स्टँडवरचा चहावाला पाहा, त्याच्या दुधाले नुसती साय धराले बारा मिनिटं लागतात. अन् हे आपली जीप... रिसोड ते केनवड, चौदा सीट भरल्याशिवाय डायवर किल्लीले हात लावत नाई, आपन सारे अर्ध्या घंट्यापासून एकमेकाच्या मांडीवर बसून राह्यलो, कोनी काई म्हनते का? कोनीच नाई म्हनत. कोनाच्या डोक्यावर घड्याळ टांगलं नाई ना. माह्या टांगलं हाये! आता तुमी म्हनसान, हा मानूस कायले बोंबलून राह्यला, तं ऐका, जीप भरेपर्यंत दुसरा धंदा काय हाये आपल्याले...

तुमाले सांगतो, मी रामधन, केनवडचा. इथं रिसोडले पूनमचंदशेठच्या कापड दुकानात चोवीस वर्सं झाले, साडीच्या गादीवर बसतो. तुमच्यापैकी निम्म्या घरच्या बस्त्याच्या साड्या माह्या हातानं उलगडल्या असतीन. शेठजीनं मले पयल्याच दिवशी बाजूले घेऊन सांगतलं होतं, रामधन, पयली साडी इकाची नसते, पयली साडी नाई म्हनाची असते. काहून? तं बाई गादीवर बसली का तिले अगोदर काईतरी नापसंत कराचं असते. नापसंत केल्याशिवाय तिले आपन दुकानात आलो असं वाटतच नाई! म्हनून पयले वंगाळ दाखवाची, मंग बरी, मंग साजरी, अन् खरी जे द्याची ते गठ्ठ्यात सातवी ठेवाची. सहा साड्यायले नाक मुरडलं का सातवीले बाई सोताहून हात घालते. आपन फक्त "बाई, तुमची नजर भारी" एवढं म्हनाचं.

माही नाई म्हनाची साडी ठरलेली होती. पोपटी रंग, त्याले राई रंगाचा काठ, अन् पदरावर... काय हाये ते पदरावर, कैरी म्हना का बदक म्हना, तीन वर्सात कोनाले समजलं नाई. पन इमानदार साडी बरं! दिवसाले पंधरा बाया तिले नाई म्हनत, अन् ते मुकाट्यानं घडी होऊन परत गठ्ठ्यावर बसे. कधी कधी मले वाटे, ह्या दुकानात खरी नोकरी करते ते हेच करते.

तं आता शेठजीचे गुडघे गेले, ते घरी बसतात. दुकान पाहते त्यायचा पोरगा, पुनीतशेठ. मानूस वाईट नाई, पन पुन्याले शिकून आला, अन् येताना अकोल्याच्या एका मॉलमधून सुपरवायझर घेऊन आला. धनराज सर. वय असन सत्तावीस, बूट असे का त्यात तोंड दिसावं. आल्या आल्या त्यानं प्रत्येक गादीच्या डोक्यावर एकेक घड्याळ टांगलं, लाल आकड्याचं, उलटं शून्याकडं पयते. गिऱ्हाईक गादीवर टेकलं का सर बटन दाबते, अन् येळ सरली का ते घड्याळ टूंsss करून असं कोकलते का गिऱ्हाईकाच्या हातचा चहा सांडते. मले म्हनते कसा, “रामधनजी, कस्टमर बसल्यापासून बिल होईपर्यंत नऊ मिनिटं. मॉलमध्ये टी-शर्ट सहा मिनिटांत जातो, तुम्हाला तर तीन जास्त दिलीत.”

टी-शर्ट! आता टी-शर्टले पदर असते का? टी-शर्ट खांद्यावर टाकून सासू ओट्यावर उजेडात पाहाले जाते का? साडी उजेडात पाहाव लागते, अन् उजेड हाये रस्त्यावर, अन् रस्त्यावर त्या सासूले भेटते तिची मावसबहीन, बारा वर्सानं! मंग त्या दोघी तिथंच उभ्या, आपली साडी खांद्यावर तशीच, अन् मावसबहिनीच्या पित्ताशयातल्या खड्याची सारी कथा, किती निंगाले, कोन्या डाक्टरनं काढले... अन् इकडे गादीवर मी एकटा, हातात दुसरं टोक धरून, डोक्यावर लाल आकडे पयून राह्यले. आता ओढू का साडी? मावसबहिनीसकट ओढू? नऊ मिनिटात काय होते, सांगा!

पयला हप्ता माहा हिशेब असा... एकतीस मिनिटं, चव्वेचाळीस मिनिटं, एक खटलं तं एक घंटा पन्नास मिनिटं बसलं, दोनदा चहा पेलं, तीन गठ्ठे सोडले, अन् शेवटी ब्लाऊजपीस घेऊन गेलं. धनराज सरनं फळ्यावर माह्या नावापुढं लाल खडूनं इतके गोल काढले का आमच्या गादीचा माल डाळिंबं हाये असं वाटावं. मंग मले बोलावलं. म्हने महिनाभर पाहतो, नाई जमलं तं तुमी वर. वर म्हंजे कुठं? वर पत्र्याखाली गोदाम हाये. दुसऱ्यानं सोडलेल्या साड्या दिवसभर घड्या करत बसाचं. पंखा नाई, खिडकी नाई, अन् मानूस तं नाईच नाई.

मी एरवी गेलो असतो हो वर. आपन कोनते राजे हावो! पन माह्या संस्कृतीचं लग्न जमलं होतं, सोयरीक मंगरूळपीरची, अन् ईस तारखेले बस्ता. बायको म्हने, चोवीस वर्सं लोकायच्या पोरीले दिवस बुडेपर्यंत साड्या दाखवता, आपल्या पोरीचा बस्ता तुमच्याच गादीवरून झाला पायजे. खरं सांगू, तिच्यापेक्षा जास्त माहंच मन होतं. संस्कृतीसाठी म्या तीन महिन्यापासून एक साडी दाबून ठेवली होती. अंजिरी रंग, मोरपंखी काठ... कोनाले दाखवली नाई, फक्त एकदा दुपारी दुकान रिकामं असताना सोताशीच उलगडली अन् पाह्यली. म्हटलं पोट्टी सहा साड्यायले नाक मुरडीन, अन् सातवी हे काढीन, अन् तिचं तोंड पाहीन. बस. एवढंच पायजे होतं मले. त्यासाठी ईस तारखेपर्यंत गादी टिकवाची होती.

अन् टिकली! कशी टिकली तं आमच्या गावच्या मनकर्णामावशीनं टिकवली. तिच्या तिन्ही पोरीचे बस्ते माह्या हातचे. त्या दिवशी आली, बसली, घड्याळ पाह्यलं, म्हने हे काय लावलं बाप्पा? म्या सारं सांगतलं, वर गोदाम, ईस तारीख, सारं. ते म्हने, असं हाये का? मंग दे. अन् गठ्ठ्यावरची सगळ्यात वरची साडी उचलली अन् उठली. वरची म्हंजे कोनती? पोपटी! म्या म्हटलं, "मावशी, ते नोका घेऊ."

"काहून?" मावशी म्हने. "तुह्या नोकरीपेक्षा साडी मोठी हाये का?"

चार मिनिटं! चोवीस वर्सात असं पयल्यांदा झालं. अन् मावशीनं गावात जाऊन बचतगटात सांगतलं, का आपल्या रामधनची नोकरी चालली, त्याच्या गादीवर जासान तं लवकर उठजा. मंग काय इचारता! केनवडच्या बाया येत, बसत, वरची उचलत, चालल्या. एक तं बसलीच नाई, उभ्यानंच घेऊन गेली, म्हने बसलं का तुमचं घड्याळ चालू होते ना भाऊ. हप्ताभरात माह्या फळ्यावरची डाळिंबं गेली. धनराज सरनं माहा फोटो भिंतीवर लावला, त्याले हार, वर माहं नाव... बायको दुकानात आली तं तो हारवाला फोटो पाहून तिथंच रडाले लागली. अन् पुनीतशेठनं साऱ्यायले उभं करून सांगतलं, रामधनभाऊले या वयात चार मिनिटं जमतात तं तुमाले काहून नाई? उद्यापासून साऱ्यायले चार!

हात दाखवून अवलक्षण म्हनतात ते हेच. बाजूच्या गादीवरची रंजीता, अकरा वर्सं आमी डबा वाटून खाल्ला, तिनं त्या दिवशी डबा उचलला अन् जिन्यावर जाऊन बसली. मांगून मनकर्णामावशी आली, म्हने, "वाचली ना नोकरी? मंग हे बदलून दे आता. हा काय रंग हाये बाप्पा, म्हशीनं पाहून दूध चोराव." पोपटी परत गादीवर. म्हटलं ना, इमानदार साडी. अन् मावशीच्या मांगं सारा बचतगट, बदलाले! अन् बदलीचा टाइम किती? दोन मिनिटं. सरनं तोई लावला होता.

ईस तारीख उजाडली. मंगरूळपीरहून जीप आली, अकरा मानसं... व्याही, ईहीनबाई, दोन आत्या, एक मामा जो टोपीसाठीच आला होता. माही बायको अन् संस्कृती सकायपासून तयार. म्या धनराज सरले म्हटलं, सर, आज पोरीचा बस्ता हाये, एक दिवस हे घड्याळ बंद ठेवा. तो म्हनते, “रामधनजी, रेकॉर्ड तुमच्या नावावर, आणि घड्याळ बंद करा तुम्हीच म्हणता? बाकीच्यांना मी काय सांगू?” अन् मान वर करून पत्र्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं.

तवा तुमाले सांगतो, माह्या मनानं पक्कं केलं. कोकलू दे घड्याळ. आज सात नाई, सत्तर साड्या सोडीन, दिवा लागेपर्यंत बसवीन पोरीले, अन् उद्या सकाळी सोताहून वर जाईन. चोवीस वर्सातला एक दिवस आपला. गठ्ठा लावला, अंजिरी साडी सातवी ठेवली, ईहीनबाई टेकल्या, सरनं बटन दाबलं, लाल आकडे पयाले लागले... अन् माहा हात, चोवीस वर्साची सवय, आपोआप गेला अन् पयली साडी फर्रकन उलगडली. नाई म्हनाची. पोपटी.

संस्कृतीनं घड्याळाकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. माह्या कपायावर घाम होता. अन् पदरावर हात ठेवून म्हने,

"बाबा, हेच."

म्या म्हटलं बेटा, थांब, अजून दाखवाच्या हायेत. ते म्हने नाई, मले हेच आवडली. तेवढ्यात ईहीनबाईनं बोटं मोडून नजर काढली, म्हने पोरगी लय समजदार बाप्पा, नखरे कसे ते नाईत! अन् पिशवीतून कुंकवाची डबी काढली अन् पोपटी साडीले बोट टेकवलं. संपलं. कुंकू लागलं का साडी नवरीची झाली, मंग ते बदलत नाई, बदलाचं नाव काढलं तं अपशकुन. बाकीच्या मानसायनंई मंग बाजूच्या गठ्ठ्यातल्या वरवरच्याच उचलल्या, पोरीनं नखरा केला नाई तं आपन कसा कराचा! मामाच्या टोपीसकट सारा बस्ता किती मिनिटात? तीन मिनिटं दहा सेकंद. धनराज सरनं टाळ्या वाजवल्या.

त्यायले जीपपर्यंत पोचवून परत आलो तं गठ्ठ्यात सातवी साडी नाई. रंजीताचं घड्याळ कोकलाले आलं होतं, तिनं घाईत माह्या सोडलेल्या गठ्ठ्यात हात घातला, अंजिरी हाती लागली, गिऱ्हाईकानं पाह्यल्याबरोबर घेतली. तिले काय बोलाचं? तिलेई चारच मिनिटं होते. म्या मुकाट्यानं बाकीच्या पाच साड्या परत रचल्या. तुमाले खरं सांगतो, मले राग आला नाई. मले वाटलं, पोरीनं घड्याळ पाह्यलं, बापाचा घाम पाह्यला, अन् बापाची नोकरी वाचवली. गुनाची पोर. असं म्हनून म्या मनाले समजावलं.

परवा लग्न झालं. मांडवात पोपटी साडी, वर हॅलोजन... पाव्हने इचारत, खांद्यावर काय हाये, बदक का? पाठवनीच्या येळी गाडीत बसता बसता पोट्टीनं माहा हात धरला, म्हने, "बाबा, मी घड्याळ पाहून नाई बोलली बरं. तुमी पयली साडी काढली तवाच समजली. इतक्या वर्सापासून दुसऱ्याच्या पोरीले दाखवता, माह्यासाठी तुमी निवडूनच ठेवली असन, अन् तेच पयले काढली असन. म्हनून म्या दुसरीकडं पाह्यलंच नाई."

धंद्यातली गोष्ट, घरी कधी सांगतलीच नाई. म्या म्हटलं, हाव बेटा, निवडूनच ठेवली होती.

लग्नाची सुटी सरली, आज दुकानात गेलो तं भिंतीवर माहा फोटो मोठा केलेला, हार नवा, अन् साऱ्यायले टारगेट तीन मिनिटं दहा सेकंद. अन् ईहीनबाईचा निरोप आला, लहान पोराचंई ठरून राह्यलं, त्याचा बस्ताई तुमच्याकडेच, तुमी लवकर उरकून देता म्हने... काय म्हनता डायवरभाऊ? अजून दोन सीट बाकी हायेत? राहू द्या बाप्पा, भरू द्या आरामात. आपल्याले आता कायची घाई हाये.