शॉट चालू असताना

साउंडवाला : दहा वाजता सुतारवहिनी पोलीस चौकीत येतील, वायरलेसवर बोलायला. काय सांगणार?

दिग्दर्शक : सुतारभाऊ नदीत गेल्याचं त्यांना कळलंय. कसे, ते सांगायचं. दोर तुटला म्हणू.

साउंडवाला : तुटला नाही, दादा. आपल्या पोरांनी मारलेली गाठ सुटली.

दिग्दर्शक : तू पाहिलंस?

साउंडवाला : हेडफोन लावून काठावरच होतो ना. आपण सेटचं घर तराफ्यावर चढवून नदीत सोडलं, ते हलू नये म्हणून भाऊ आत पाचर धरून आडवे. त्यांची पाठ इकडे. तराफा काठाला धरून ठेवणाऱ्या दोराची गाठ सरकत होती, आणि मी बघत होतो.

दिग्दर्शक : ओरडला का नाहीस?

साउंडवाला : शॉट चालू असताना शिंक आली तरी गिळायची, पहिल्याच दिवशी बजावलंत. नदीचा आवाज खरा हवा तुम्हाला. चार महिने गिळतोय सगळं. तेव्हाही गिळलं.

दिग्दर्शक : म्हणजे खापर माझ्या डोक्यावर.

साउंडवाला : तोंड माझंच होतं. घास उतरत नाही मला.

दिग्दर्शक : मीही पाहिलं.

साउंडवाला : काय?

दिग्दर्शक : मॉनिटरवर. दोर सैल पडला. 'कट' म्हणायला कितीसा वेळ लागतो? वाटलं, एवढं वळण जाऊ दे. शॉट मोडला, तर रस्त्यापासून चार दिवसांवर, या जंगलात, दुसरं घर कुठून उभं करणार होतो?

साउंडवाला : कुणाला माहीत आहे हे?

दिग्दर्शक : आता तुला.

साउंडवाला : मग दोर तुटला म्हणा.

दिग्दर्शक : मघाशी तूच अडवलंस.

साउंडवाला : मघाशी मला वाटत होतं, मी एकट्यानेच पाहिलंय. फिल्म बंद पडेल, दादा. साठ माणसं आहेत.

(वायरलेस खरखरतो.)

वहिनी : भाऊजी, ऐकू येतंय का?

दिग्दर्शक : येतंय, वहिनी.

वहिनी : एकच विचारते. थोरला म्हणतो, बाबांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, त्यांच्याकडूनच काही चुकलं असेल. कालपासून तेच धरून बसलाय. चुकलं का हो त्यांचं?

साउंडवाला : दादा, दोर म्हणा.

दिग्दर्शक : नाही, वहिनी. त्यांचं काम चोख होतं. गाठ आमची होती. ती सुटताना मला दिसली, मी थांबवलं नाही.

वहिनी : का?

दिग्दर्शक : शॉट छान चालला होता, वहिनी.