ऑलिव्हच्या बरणीवरचा मणका

...नाही, मला एवढंच सांगा, एकतीस वर्षं संसार केल्यावर माणसाला आपल्याच लग्नाची बातमी कुठे कळावी? म्युझियमच्या फॉर्मवर! बायको मला सोडून चालली होती, बॅग भरून, डोक्याला रुमाल बांधून, थेट बसच्या थांब्याकडे... आणि मला पत्ता नाही!

तुम्ही म्हणाल, एव्हारिस्तो, असलं फॉर्मवर कोण लिहितं? सांगतो ना. तुम्हाला सांगतो, आमच्या लोरिन्यात उन्हाळी पाहुणे येतात वाळूसाठी, आणि आम्ही गावकरी वेडे हाडांपायी. डायनोसॉरची हो! पाववाल्याला दात सापडला, न्हाव्याला नखी सापडली, आमचे पाद्रीबाबा गळ टाकायला गेले आणि बरगडी घेऊन आले! आणि मी? मी गवंडी, जन्म गेला दगडात, दर रविवारी हातोडी घेऊन समुद्राकाठच्या पायमोगोच्या कड्याखाली हजर, ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका... आणि हाताला काय? तुकडा नाही! कणी नाही!

तर सप्टेंबरात आमची वरची खोली घेतली लिस्बनच्या एका बाईंनी. कितेरिया नाव. आठ दिवस समुद्रात डुंबायचं, एवढाच बेत. पहिल्याच दुपारी झुल्मिराने, म्हणजे माझ्या बायकोने, सार्डिन मासे भाजले, वर म्हणते कशी, ‘दोन ऑलिव्ह घ्या की बाई, घरचे आहेत.’ गेली बरणीकडे. मिठाच्या पाण्यात ऑलिव्ह वर तरंगू नयेत म्हणून आम्ही दाबाला दगड ठेवतो, तो तिने काढला आणि ठेवला टेबलावर, माझ्या ताटाशेजारी. बाईंचा घास तोंडातच! ‘हे... हे काय आहे?’ ‘दगड.’ ‘अहो, दगड कसला, मणका आहे हा! शेपटीचा! मिठात घातलाय तुम्ही!’ बाई निघाल्या डायनोसॉरच्या हाडांच्या डॉक्टर! मी तीस वर्षं कडे कोरतोय, आणि मणका माझ्या स्वयंपाकघरात, मी रोज त्याच्याखालचे ऑलिव्ह खातोय... आणि मला पत्ता नाही!

मी काय केलं असेल? उडालो! म्हटलं, लिहा शोधणाऱ्याचं नाव! एव्हारिस्तो पारेरा, गवंडी! बाई म्हणतात, ‘थांबा, आणला कुणी?’ झुल्मिरा म्हणते, ‘मी. झाली की तीस वर्षं.’ बरं, तू तर तू, घरातच राहिलं ना नाव? पण बाईंनी पिशवीतून म्युझियमचा फॉर्म काढला. म्हणतात, ‘जागा नेमकी कळली नाही, कुठल्या थरातला ते कळलं नाही, तर या हाडाला काही अर्थ नाही. मावशी, तीस वर्षं झाली, आठवेल का हो?’ आणि झुल्मिरा, जिला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ती म्हणते, ‘न आठवायला काय झालं? पायमोगोचा किल्ला पाठीशी, लाल मातीचा पट्टा, त्याच्या खाली दोन हात. सोमवार होता. सकाळचे साडेनऊ.’

‘आणि तिथे कशासाठी गेला होतात?’ अहो, असतो तो प्रश्न फॉर्मवर! असतो! मी पाहिलाय!

‘नवऱ्याला सोडून चालले होते,’ झुल्मिरा म्हणाली. ‘अजून मासा घ्या.’

सार्डिन माझ्या घशात. बाईंचं पेन वर. आणि ही सांगतेय, आवाज न चढवता, जणू कोबी कसा चिरायचा ते सांगतेय! म्हणे, आदल्या रविवारी तिच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना, मिस्सा होता. सगळं गाव चर्चमध्ये, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी. मी कुठे? कड्याखाली! अंधार पडल्यावर पोतंभर दगड घेऊन आलो आणि विचारलं, सूप गरम आहे का. खरंय हो. विसरलो होतो. सासरा भला माणूस, मला पहिली थापी-करणी त्यानेच घेऊन दिली... आणि मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी ही बॅग घेऊन निघाली पेनिशला, बहिणीकडे. बसला वेळ होता म्हणून खाली किनाऱ्यावर जाऊन बसली, मनसोक्त रडली. शेजारी हा दगड. आणि तिला आठवलं, घरातला बरणीवरचा दगड कालच फुटलाय, ऑलिव्ह नुकतेच घातलेत, दाब नसला तर आठवड्यात सडतील, आणि या माणसाला ते कळायचंसुद्धा नाही! म्हणून आली परत. ऑलिव्हसाठी! माझ्यासाठी नाही!

म्हटलं, ‘अगं, तू परत आलीस तेव्हा मी घरात होतो की!’ ‘होतास ना. दगड हातात घेऊन म्हणालास, साधा आहे, काही कामाचा नाही.’ ‘आणि तुझी बॅग?’ ‘दुसऱ्या हातात होती.’

दगड पाहिला! बॅग नाही! बायको दारात उभी, रडून डोळे सुजलेले... आणि मला पत्ता नाही!

बाईंनी डोळे पुसले आणि सगळं लिहून घेतलं, अक्षर न् अक्षर. आता मणका म्युझियमात, काचेत, खाली चिठ्ठी: ‘सापडला: झुल्मिरा पारेरा यांना, पतीस सोडून जाताना.’ शाळेच्या सहली येतात, पोरं मोठ्याने वाचतात! न्हावी तर दाढी करता करता म्हणतो, ‘काय एव्हारिस्तो, वहिनी आहेत ना घरी?’

परवा धीर करून विचारलं. म्हटलं, ‘झुल्मिरा, तो जुना दगड फुटला नसता तर?’

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, ‘त्या दिवशी बस वेळेवर होती.’

आता यंदाचे ऑलिव्ह बरणीत पडलेत. ती रोज ओरडते, ‘अरे, गवंडी ना तू? एक दगड आणवत नाही तुला?’ आणवतो! अंगणात ढीग पडलाय! पण सकाळ-संध्याकाळ मी आपला बाही वर करून बरणीपाशी बसतो आणि हातानेच दाबून धरतो. दगड काही मी आणत नाही बुवा.